पेशी ट्यूमरबाहेर आली की पत्ता विसरते

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले ते काढलंय, एक-दोन वाक्यं सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. गेल्या महिन्यात एका श्रोत्यानं पाठवला होता. त्याच्या आईला आतड्याचा कॅन्सर आहे, पसरलेला. केमोच्या जोडीला बेव्हासिझुमॅब नावाचं औषध सलाईनमधून देतात. डॉक्टरांनी गडबडीत समजावलं की हे औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडतं. त्याचा प्रश्न असा होता: "ताई, गाठीच्या रक्तवाहिन्या कुठल्या आणि आईच्या बाकीच्या कुठल्या, हे त्या औषधाला कळतं कसं?"

मी कोड लिहिते, डॉक्टर नाही. बारावीला बायोलॉजीच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन मोकळी झालेली मी. त्यामुळे आधी वाटलं, दोन ओळींत रिप्लाय देऊ. मग वाचायला बसले आणि महिना गेला.

छोटं उत्तर आधीच सांगते. कळत नाही. बेव्हासिझुमॅब ही एक अँटीबॉडी आहे आणि ती रक्तवाहिनीला धरतच नाही. ती धरते व्हीईजीएफ नावाच्या प्रोटीनला. शरीरात कुठंही ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात, म्हणजे "इकडे नवी लाईन टाका" असा निरोपच. ट्यूमर हा निरोप सतत आणि भरमसाट पाठवतो, म्हणून औषधाचा मार तिथं जास्त बसतो. पण निरोगी रक्तवाहिन्यांनाही थोडं व्हीईजीएफ लागतंच. म्हणून या औषधानं बीपी वाढू शकतं, लघवीतून प्रोटीन जाऊ शकतं, जखम भरायला वेळ लागतो, आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर ते काही काळ बंद ठेवतात.

औषध कामाचं आहे, हे पण सांगायला हवं. २००४ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती ज्या चाचणीवर, तिच्यात पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये नुसत्या केमोवर मध्यमान आयुष्य १५.६ महिने होतं, आणि हे औषध जोडल्यावर २०.३ महिने. पावणेपाच महिने. ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला विचारा पावणेपाच महिने म्हणजे काय. पण पत्ता बघून जाणारं औषध ते नव्हे.

मग पत्ता बघून जाणारं बनवायचं कसं? त्यासाठी आधी पत्ता माहीत हवा. म्हणजे ट्यूमरच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर असं काय आहे जे बाकी कुठल्याच रक्तवाहिनीवर नाही? हे अस्तर एका थराचं असतं, एंडोथेलियल पेशींचं. सोपं जावं म्हणून मी त्यांना आज अस्तराच्या पेशी म्हणणार आहे. आणि त्यांची परीक्षा घ्यायची तर त्या लॅबमध्ये हातात हव्यात, भरपूर हव्यात, जिवंत हव्यात. सगळी गंमत, आणि सगळी फसगत, इथंच आहे.

थोडं मागं जाऊया. बॉस्टनमध्ये ज्यूडा फोकमन नावाचे सर्जन होते. त्यांनी १९७१ साली मांडलं की ट्यूमर स्वतःसाठी रक्तवाहिन्या वाढवून घेतो, आणि त्या मिळाल्या नाहीत तर तो एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. कारण साधं आहे. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत झिरपतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. तेव्हा अनेकांनी त्यांना गांभीर्यानं घेतलं नाही. फोकमन यांच्या कल्पनेत एक मोठी आशा होती. कॅन्सरची पेशी सतत बदलते, औषधाला चकवते. पण रक्तवाहिनीचं अस्तर हे आपलंच, निरोगी, शिस्तीतलं. त्याला मारलं तर ते औषधाला चकवायला शिकणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची वाट लागणार आहे.

त्या काळी माणसाच्या अस्तराच्या पेशी लॅबमध्ये नीट वाढवताच येत नव्हत्या. १९७३ साली न्यूयॉर्कच्या एरिक जॅफी आणि सहकाऱ्यांनी रस्ता काढला, तो बाळाच्या नाळेतून. बाळंतपणानंतर नाळ फेकूनच देतात. तिच्यातल्या मोठ्या शिरेत कोलॅजनेज हे एन्झाइम भरायचं, अस्तर सुटं होतं, ते धुऊन काढायचं आणि डिशमध्ये लावायचं. तेव्हापासून जगभर रक्तवाहिन्यांवरचं प्रचंड काम या नाळेच्या पेशींवर झालंय. त्यांचं लाडाचं नाव ह्युवेक.

पण ह्युवेक म्हणजे काय? नवजात बाळाच्या, निरोगी, मोठ्या शिरेची पेशी. आणि ट्यूमरची रक्तवाहिनी कशी असते? वेडीवाकडी, गळकी, मध्येच फुगलेली, मध्येच बंद, रक्त कधी पुढे जातं तर कधी तुंबतं. एक्सप्रेसवेवर टेस्ट ड्राइव्ह घेऊन पेठेतल्या बोळात गाडी कशी वळेल हे सांगण्यासारखं आहे ते. म्हणून मग खऱ्या ट्यूमरमधून अस्तराच्या पेशी काढायचं ठरलं.

ते किती किचकट आहे बघा. ट्यूमरचा तुकडा घ्यायचा, ब्लेडनं बारीक चिरायचा, शरीराच्या तापमानाला एन्झाइममध्ये ठेवायचा, गाळायचा. आता हातात सुट्या पेशींचं गढूळ पाणी आहे. त्यात कॅन्सरच्या पेशी, फायब्रोब्लास्ट, रक्तातल्या पेशी, आणि अस्तराच्या पेशी अगदी मूठभर. त्या उचलायच्या कशा? अस्तराच्या पेशींच्या अंगावर सीडी३१ नावाचं प्रोटीन असतं. त्याला चिकटणारी अँटीबॉडी घ्यायची, तिला बारीक चुंबकी कण जोडायचे, आणि सगळं मिश्रण चुंबकाजवळून सोडायचं. कण लागलेल्या पेशी अडकतात, बाकी वाहून जातात. मग जिलेटिन लावलेल्या डिशमध्ये, ३७ अंशाला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, वाढीची द्रव्यं घालून त्यांना वाढवायचं. नीट वाढल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदीसारख्या दिसतात, एकीला एक लागून.

नीट वाढल्या तर. कारण दोन-चार फायब्रोब्लास्ट जरी सोबत आले तरी ते गाजरगवतासारखे फोफावतात आणि आठवड्याभरात डिश त्यांची होते. सीडी३१ पण काही डोळे झाकून भरवसा ठेवावा असं नाही. रक्तातल्या काही पेशींवरही ते असतं. आणि २०१४ साली अँड्र्यू डडली यांच्या गटानं दाखवलं की उंदरांच्या मेलानोमामध्ये खुद्द कॅन्सरच्याच काही पेशी सीडी३१ अंगावर बाळगतात. म्हणजे ज्या आयडी कार्डवर गेटमधून आत सोडायचं, ते कार्ड चोराकडे पण आहे.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली युक्ती आता सांगते. क्योको हिडा या जपानी शास्त्रज्ञ, ज्या पुढे सप्पोरोच्या होक्काइडो विद्यापीठात हेच काम करत राहिल्या, तेव्हा बॉस्टनमध्ये होत्या. त्यांनी माणसाचे ट्यूमर प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये वाढवले. आता अशा उंदरात ट्यूमर माणसाचा असतो, पण त्यात शिरलेल्या रक्तवाहिन्या उंदराच्या असतात. म्हणजे अस्तर उंदराचं, भेसळ माणसाची. भेसळ काढायला त्यांनी वापरलं घटसर्पाच्या जंतूचं विष. हो, तोच घटसर्प, ज्याची लस लहानपणी आपल्या सगळ्यांना टोचली जाते. हे विष पेशीत शिरतं ते एका ठरावीक प्रोटीनला धरून. माणसाच्या पेशीवरचं ते प्रोटीन त्याला धरू देतं, उंदराच्या पेशीवरचं देत नाही. डिशमध्ये विष टाकलं की उरलीसुरली माणसाची कॅन्सर पेशी मरते, आणि उंदराच्या अस्तराला काही होत नाही. डेटाबेसमध्ये एका कंडिशनवर डिलीट मारावं इतकं स्वच्छ. मी हे वाचून खुर्चीतून उठलेच होते.

आणि एवढ्या शुद्ध पेशी हातात आल्यावर हिडा यांना जे दिसलं, ते २००४ साली छापून आलं. मेलानोमा आणि लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या ऊतीचा कॅन्सर, या दोन्हींतून काढलेल्या अस्तराच्या पेशींमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली होती. ताज्या काढलेल्या पेशींतसुद्धा. डिशमध्ये पिढ्या वाढतील तसा बिघाड वाढत गेला. त्याच उंदरांसारख्या निरोगी उंदरांच्या त्वचेतल्या आणि चरबीतल्या अस्तराच्या पेशी मात्र २० वेळा डिश बदलून वाढवल्या तरी जागच्या जागी होत्या. माणसाच्या ट्यूमरची गुणसूत्रं त्यांत मिसळलीत का, तेही तपासलं. नव्हती.

फोकमन यांचं ते वाक्य आठवा, "अस्तर शिस्तीतलं असतं." ट्यूमरच्या संगतीत ते तसं राहतंच असं नाही. ही माहिती नाळेच्या पेशी हजार वर्षं वाढवूनही मिळाली नसती. त्यासाठी ट्यूमरमधलीच पेशी काढावी लागली.

आता वाईट बातमी. पेशी शुद्ध काढली, छान वाढली, तरी ती तीच राहते का?

माझ्या कामात एक जुना विनोद आहे. बग आला की डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." कोड तोच, पण आजूबाजूचं वेगळं: व्हर्जन वेगळी, डेटा वेगळा, लोड वेगळा. पेशीचं अगदी तसंच. ट्यूमरमध्ये तिच्यावरून रक्त वाहतं, शेजारी कॅन्सरच्या पेशी कुजबुजतात, ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त, खालची जमीन कडक. डिशमध्ये यातलं काही नाही. स्थिर द्रव, सपाट प्लास्टिक, भरपूर ऑक्सिजन, पोटभर खाणं. अस्तराची पेशी आपली बरीचशी ओळख आतून नाही, शेजारून घेते. शेजार गेला की ओळख पुसायला लागते.

किती लवकर? याचा एक अंदाज निरोगी पेशींवरून येतो. आपल्या टॉन्सिलमध्ये आणि लसिकाग्रंथींमध्ये एक खास प्रकारच्या रक्तवाहिन्या असतात, पांढऱ्या पेशींना आत घेणाऱ्या. २००४ साली फ्रेंच संशोधकांनी त्यांचं अस्तर माणसाच्या टॉन्सिलमधून काढून डिशमध्ये ठेवलं. दोन दिवसांत त्या पेशींची खास जीन्स मंदावली. दोन दिवस! आणि औषध शोधणारा माणूस ज्या पत्त्याच्या मागे आहे, तो पत्ता याच खास जीन्सपैकी एखाद्यात असतो.

त्यामुळे काही लॅब उलट्या बाजूनं येतात. ट्यूमरची पेशी आणून टिकवण्यापेक्षा साधी नाळेची पेशी घ्या आणि तिलाच ट्यूमरच्या शेजारात आहे असं भासवा. ट्यूमरच्या पेशी दिवस-दोन दिवस एका द्रवात वाढवतात, मग पेशी गाळून टाकून तो उष्टा द्रव अस्तराच्या पेशींना पाजतात. ट्यूमरनं सोडलेले सगळे निरोप त्यात असतात. कल्पना नवी नाही. १९७९ साली फोकमन यांच्याच लॅबनं केशवाहिन्यांच्या पेशी दीर्घकाळ वाढवल्या, त्यातही ट्यूमरचा असा द्रव वापरला होता. स्वस्त आहे, सोपं आहे, दर आठवड्याला पुन्हा करता येतं. माझं मत विचाराल तर हा मॉक सर्व्हर आहे. पहिली चाचणी घ्यायला उत्तम. पण मॉकवर पास झालं म्हणून कोणी शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला सोडत नाही. निदान सोडू नये.

मॉक सर्व्हर निदान स्वतःला मॉक म्हणवतो. याहून वाईट म्हणजे आपण कुठल्या मशीनवर आहोत हेच माहीत नसणं. ईसीव्ही३०४ नावाची पेशींची एक लाईन होती. १९९० साली जाहीर झाली. सांगितलं गेलं की नाळेच्या अस्तराची पेशी आपोआप अमर झालीय, कितीही वाढवा. लॅबवाल्यांना आणखी काय हवं! वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांवरचे पेपर तिच्यावर निघाले. मग १९९९-२००० च्या सुमारास डीएनएचे ठसे जुळवले तेव्हा कळलं की ही अस्तराची पेशी नाहीच. ती टी२४ आहे, मूत्राशयाच्या कॅन्सरची लाईन. कधीतरी कुठल्यातरी डिशमध्ये मिसळली आणि मूळच्या पेशींना गिळून बसली.

विचार करा, या पेशींवर एखादं औषध "रक्तवाहिनीला चिकटतं" म्हणून कोणी खूश झालं असेल. ते चिकटत होतं मूत्राशयाच्या कॅन्सरला. म्हणूनच आता पेशी वापरण्याआधी तिचा डीएनए ठसा तपासतात. आपल्याकडे पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही संस्था आहे. देशभरातल्या संशोधकांना पेशींच्या लाईन पुरवणारं भांडार तिथं आहे. अशा अधिकृत भांडाराचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. शेजारच्या लॅबमधून डबी मागून आणणं आणि तिथून घेणं यात काय फरक, तर हा.

मग काही लोक म्हणाले, डिशच नको. ब्रॅड सेंट क्रॉय, केन किन्झलर, बर्ट व्होगेलस्टाइन वगैरे मंडळींनी जॉन्स हॉपकिन्समध्ये आतड्याच्या ट्यूमरमधून अस्तराच्या पेशी चुंबकानं वेचल्या, आणि वाढवत न बसता थेट कुठली जीन्स चालू आहेत ते वाचलं. शेजारी निरोगी आतड्याचं अस्तर तुलनेला. २००० साली निकाल आला: ७९ जीन्समध्ये फरक, त्यातली ४६ ट्यूमरच्या बाजूनं खूप वाढलेली. पत्त्यांची यादीच मिळाली म्हणा ना. पण त्यातली बरीचशी जीन्स भरत असलेल्या जखमेच्या रक्तवाहिन्यांतही चालू होती. म्हणजे पत्ता बरोबर, पण त्याच नावाच्या दोन सोसायट्या. आणि यादीतल्या टीईएम८ या प्रोटीनची तर पुढच्याच वर्षी दुसरी ओळख निघाली. अँथ्रॅक्स, ज्याला गुरांच्या बाबतीत आपल्याकडे फाशी म्हणतात, त्याचं विष पेशीत शिरायला याच दाराचा वापर करतं.

दुसरी वाट आणखी धीट. रेनाटा पास्क्वालिनी, वादी अराप आणि एर्की रुओस्लाहती यांनी ट्यूमर असलेल्या जिवंत उंदराच्या रक्तात असंख्य प्रकारचे निरुपद्रवी विषाणू सोडले, प्रत्येकाच्या अंगावर वेगळा छोटा प्रोटीनचा तुकडा. थोड्या वेळानं ट्यूमर काढला आणि त्यात कोण अडकलंय ते पाहिलं. जे अडकले ते वाढवले, पुन्हा सोडले, पुन्हा वेचले. १९९८ साली त्यांनी असे तुकडे डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाला जोडून उंदरांत दाखवलं की साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा परिणाम चांगला आणि विषारीपणा कमी. इथं पोस्टमनलाच पत्ता शोधायला लावलाय. पण तुकडा नेमका कुठल्या दाराला चिकटला, कसा आत गेला, किती वेळ टिकला, हे उलगडायला शेवटी पेशी डिशमध्ये लागतातच. ट्यूमरची एक, निरोगी एक, शेजारी शेजारी. म्हणून डिशपासून सुटका नाही.

आणि पत्ता सापडला तरी काम झालं असं नाही. त्या तुकड्यांपैकी एक ज्या दाराला धरतो, त्या इंटेग्रिन कुटुंबावर सिलेंगिटाइड नावाचं औषध बनलं. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी ५४५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१४ साली निकाल छापला: औषध मिळालेल्यांचं मध्यमान आयुष्य २६.३ महिने, न मिळालेल्यांचंही २६.३ महिने. दशांशापर्यंत सारखं. याचा दोष एकट्या डिशला देता येणार नाही, मेंदूचा ट्यूमर फार हट्टी असतो. पण त्या टेबलाकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

सध्या काम दोन्हीकडून चाललंय. एकीकडे डिश सुधारतेय: बारीक नळ्या कोरलेल्या चिप, ज्यातून द्रव वाहता ठेवतात, म्हणजे पेशीला प्रवाह तरी जाणवतो. दुसरीकडे एकेक पेशी वेगळी वाचायचं तंत्र आलंय. २०२० साली बेल्जियमच्या पीटर कार्मेलिएट यांच्या गटानं फुप्फुसाच्या ट्यूमरमधल्या आणि आजूबाजूच्या, माणसाच्या, उंदराच्या आणि डिशमध्ये वाढवलेल्याही, अशा ५६ हजारांहून जास्त अस्तराच्या पेशी एकेक करून वाचल्या. कळलं की "ट्यूमरच्या रक्तवाहिनीची पेशी" असा एक प्रकार नाहीच, अनेक आहेत. त्यातल्या नव्या फांदीच्या टोकावर पुढे सरकणाऱ्या पेशी तेवढ्या माणसात आणि उंदरात बऱ्यापैकी सारख्या निघाल्या. अशी तुलना हातात असली की डिशमधली पेशी काय विसरली आणि काय तिला अजून आठवतंय, याची यादी तरी करता येते.

व्हॉट्सॲपवर "ट्यूमरचा रक्तपुरवठा तोडणारा नवा शोध" अशी बातमी आली की मी आता आधी शोधते, कुठल्या पेशीवर. नाळेच्या की ट्यूमरच्या, ताज्या की दहाव्या पिढीच्या. बातमीत हे बहुतेक वेळा नसतं, मूळ पेपरच्या पद्धतींच्या भागात असतं.

त्या श्रोत्याला मी यातलं निम्मंच पाठवलं होतं, आणि सोबत लिहिलं होतं की आईचं बीपी आणि लघवीची तपासणी का करतात ते यावरून कळेल, पण काय करायचं ते डॉक्टरच सांगतील. त्याचा रिप्लाय आला, "पुढचं सलाईन गुरुवारी आहे. गेल्या वेळी बीपी जास्त आलं म्हणून दोन तास बसवून ठेवलं होतं, आई नर्सवर चिडली होती. आता तिला सांगतो का ते."

भेटू पुढच्या भागात.